पद : ग्रंथालय सहायक

अर्जातल्या पहिल्याच रकान्यात मी अडकले. ‘आपल्या कार्यामुळे घडून आलेला बदल ५०० शब्दांत लिहा.’ अकरा वर्षं मी देवघेवीच्या काउंटरवर आणि मागच्या स्टॅकमध्ये काम करत होते. एवढ्या वर्षांत काय घडलं असं कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, काही नाही. आमच्या कामाचं असंच असतं. पुस्तक जागेवर सापडलं, तर ते तिथे कुणीतरी ठेवलं होतं हे वाचकाच्या मनातही येत नाही. सापडलं नाही, की मग आमची आठवण होते.

परिपत्रक ग्रंथपाल मॅडमनी माझ्या टेबलावर ठेवलं होतं. एका व्यावसायिक संघटनेचा पुरस्कार, मुदत तीन आठवडे.

“मॅडम, हे ग्रंथपालांसाठी असतं.”

“वर ‘ग्रंथालय क्षेत्रात कार्यरत व्यक्ती’ लिहिलंय. तू कुठल्या क्षेत्रात कार्यरत आहेस?”

पहिला मसुदा मी एका संध्याकाळी लिहून टाकला. पुस्तकांची देवघेव करणे, परत आलेली पुस्तकं लावणे, दाखल नोंदवही ठेवणे, फाटलेल्या पुस्तकांची डागडुजी करणे, न आलेल्या अंकांसाठी स्मरणपत्रं पाठवणे, वार्षिक साठा पडताळणीत मदत करणे. सगळी ‘-णे’कारान्त क्रियापदं. मॅडमनी तो वाचला आणि परत दिला. “हे तुझ्या नेमणूकपत्रात आहेच. तू नसतीस तर काय झालं नसतं, ते लिही.”

या प्रश्नाचं उत्तर शोधायला चार दिवस लागले, आणि ते सापडलं काउंटरच्या खणात, एका शंभरपानी वहीत.

त्या वहीची गोष्ट अशी. एक विद्यार्थी संख्याशास्त्राचं एकच पुस्तक मागायला तीनदा आला होता. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत, पुस्तक ‘उपलब्ध’ दिसत होतं, रॅकवर नव्हतं. तिन्ही वेळा मी ‘नाही’ म्हटलं. चौथ्यांदा तो आलाच नाही. पुढे साठा पडताळणीत ते पुस्तक मलाच सापडलं. वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, ५१९.५, आणि बसलं होतं ५९१.५ मध्ये. आकड्यांची एवढीशी अदलाबदल, पण पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्युई दशांश पद्धतीत तेवढ्याने संख्याशास्त्र उठून प्राण्यांच्या वर्तनात जातं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. हरवलेलं निदान पडताळणीत हरवलेलं म्हणून लागतं आणि नवी प्रत मागवता येते. हे मात्र वर्षभर कागदावर हजर असतं.

मला त्या मुलापेक्षा माझ्या तीन ‘नाहीं’चा जास्त राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. वाचकाला ‘नाही’ म्हटलं की तारीख, काय मागितलं आणि का नाही, एवढं लिहायचं. कारणं चारच: दुसऱ्याकडे गेलंय, आपण घेतलेलंच नाही, हरवलंय, आणि ‘आहे पण सापडत नाही’. तीन महिन्यांनी मोजलं, तर जवळजवळ दर चौथा ‘नाही’ शेवटच्या प्रकारातला निघाला. म्हणजे पुस्तक इमारतीत होतं, वाचकही इमारतीत होता आणि दोघांची भेट मी होऊ देत नव्हते.

मग रोज काउंटर उघडण्याआधी वीस मिनिटं रॅकवाचन सुरू केलं. दोन रॅक घ्यायचे, प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावरचा बोधांक, म्हणजे जागा सांगणारा क्रमांक, ओळीने वाचत जायचं, चुकलेलं काढून जागेवर ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे हे कबूल करते. दहाव्या मिनिटाला डोळे आकडे बघतात, वाचत नाहीत. मी मनातल्या मनात न वाचता मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा चुका सापडू लागल्या. आणखी एक कळलं. चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. जिथे लेबलं पुसट झाली होती, तिथे त्या गोळा व्हायच्या. लावणारा अंदाजाने लावतो. ती लेबलं बदलली.

हे सगळं मी पुरस्कारासाठी केलं नव्हतं, म्हणून ते ‘कार्य’ आहे हे मला सुचलंच नव्हतं. आता तेच लिहायला बसले, तर मॅडमनी आकड्यांवर बोट ठेवलं. मी परीक्षेच्या तीन महिन्यांची तुलना सुट्टीच्या तीन महिन्यांशी केली होती. सुट्टीत वाचकच कमी, मग ‘नाही’ही कमीच असणार! मग वहीतूनच वर्षभरानंतरच्या त्याच महिन्यांशी तुलना करून हिशेब मांडला, तेव्हा घट पहिल्या आकड्याएवढी भपकेदार राहिली नाही, पण ‘सापडत नाही’ निम्म्याहून कमी झाले होते. हा दुसरा आकडा मी कुणाच्याही समोर ठेवू शकत होते.

शिफारसपत्रांचा धडा वेगळाच. दोन हवी होती. एका ज्येष्ठ वाचकांनी मोठ्या आपुलकीने लिहून दिलं की मी प्रामाणिक, कष्टाळू आणि वक्तशीर आहे. असं पत्र कुणाहीबद्दल लिहिता येतं, आणि परीक्षकांनी तशी शेकडो वाचलेली असतात. चूक माझीच होती. मी नुसतं “पत्र द्याल का?” एवढंच विचारलं होतं. दुसरं पत्र मागताना मी अर्ध्या पानावर पुरस्काराचे निकष, वहीचा गोषवारा आणि त्यांच्याशी संबंधित दोन प्रसंग तारखांसह लिहून दिले. त्या संशोधक बाईंनी पत्रात एका दुपारचा प्रसंग लिहिला, विशेषण एकही वापरलं नाही. तेच पत्र मी अजून जपून ठेवलंय.

वरिष्ठांमार्फत अर्ज पाठवायचा होता. तो वरिष्ठांच्या टेबलावर आठ दिवस पडून होता. मुदतीच्या दिवशी सही झाली. याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दीड महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं. अर्जदाराकडे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. अट परिपत्रकाच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात होती. रोज शेकडो बारीक आकडे वाचणाऱ्या बाईच्या नजरेतून ती सुटली.

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रागाने वाचायला लागले. आमच्या व्यवसायात मानाची वाटणी कशी होते, हे मला बघायचं होतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा २००८ मध्ये सुरू झालेला एक पुरस्कार वाचकांनी केलेल्या नामांकनांवरून दिला जातो, पण तिथेही पदव्युत्तर पदवीची अट. गंमत अशी, की जगभरच्या ग्रंथालयांच्या संगणकीकृत तालिका, म्हणजे पुस्तकांच्या याद्या, नोंदींच्या ज्या ‘मार्क’ नमुन्यावर उभ्या राहिल्या, तो १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये घडवणाऱ्या हेन्रिएट अ‍ॅव्हरम मुळात संगणक प्रोग्रॅमर होत्या, ग्रंथालयशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन स्वतः गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर पहिल्याच दिवसांत इतके कंटाळले की परत शिकवायला जायचं म्हणत होते. त्याच माणसाने १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, आणि त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असायला हवा होता. तेव्हा मला तो माहीतही नव्हता. ज्या ड्युईच्या आकड्यांवर माझी अर्धी नोकरी चालते, त्याचं नाव त्याच अमेरिकन संघटनेने आपल्या पदकावरून काढायचं २०१९ मध्ये ठरवलं, कारण त्याचा वंशद्वेष आणि बायकांशी असलेली वागणूक. पुरस्कारांची नावंसुद्धा कायमची नसतात, तर अटी कशा असतील, असं स्वतःला समजावलं. पदवीला माझा विरोध नाही. वर्गीकरण करणाऱ्याला ते शास्त्र म्हणून यायलाच हवं. पण रॅकवरचं काम पदवी बघून चांगलं किंवा वाईट होत नाही, आणि त्याचा मान देताना मात्र ती आडवी येते.

त्या वाचनातून एक कामाची गोष्ट हाती लागली. पुरस्काराखेरीज मान्यतेचा आणखी एक रस्ता आहे: प्रमाणन. अमेरिकेत ग्रंथालय सहायकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र योजना २०१० मध्ये सुरू झाली. ब्रिटनच्या सिलिप या ग्रंथालय व्यावसायिकांच्या संघटनेत व्यावसायिक नोंदणीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि त्यासाठी उमेदवार स्वतःच्या कामाच्या पुराव्यांची एक फाइल बांधतो. त्यांचे निकष मला फार आवडले. तुझ्या कामात काय सुधारलं, तुझ्या संस्थेला त्याचा काय उपयोग झाला, आणि बाहेरच्या व्यवसायात काय चाललंय हे तुला ठाऊक आहे का? त्या नोंदणीच्या वाटेला मी गेले नाही. प्रश्न तेवढे उचलले आणि माझी फाइल त्या तीन भागांत लावली. तिसरा भाग रिकामा राहिला. बाहेर काय चाललंय, मला काहीच ठाऊक नव्हतं.

तो भरायला मी एका परिषदेत पोस्टर मांडायचं ठरवलं. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक परिषदेतही पोस्टर मांडतात, आमची परिषद त्यापुढे अगदीच लहान. निबंध वाचायची माझी हिंमत नव्हती. पोस्टरपाशी नुसतं उभं राहायचं असतं. सारांशाला मी नाव दिलं होतं: ‘देवघेव विभागातील सेवागुणवत्तेचे संवर्धन : एक अभ्यास’. मॅडम हसल्या. “तुझ्या वहीला तू काय म्हणतेस?” “नाहीची वही.” “मग?” त्याच नावाने सारांश गेला आणि स्वीकारला गेला.

खरी अडचण त्यानंतर आली. काउंटरवरच्या माणसाला परिषदेला जाता येत नाही, कारण काउंटर बंद ठेवता येत नाही. पैशांपेक्षा ही अडचण मोठी आहे, आणि परिषदांमध्ये सहायक का दिसत नाहीत याचं निम्मं उत्तर यात आहे. ग्रंथपाल परिषदेला जातात तेव्हा त्यांची खोली दोन दिवस बंद राहिली तरी चालतं. मी गेले तर रांग लागते. मी येत नाही म्हणून कळवणारच होते, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “दोन दिवस मी बसते.” आणि बसल्या.

पोस्टरवर मजकूर कमी ठेवला. मधोमध एक फोटो, प्राण्यांच्या पुस्तकांत अंग चोरून बसलेलं संख्याशास्त्र. त्याखाली चार कारणांचा तक्ता, वर्षापूर्वीचा आणि आताचा. दोन पावलं मागे सरकून जे वाचता आलं नाही, ते काढून टाकलं. लोक पोस्टरसमोर मिनिटभरही थांबत नाहीत, पण फोटोपाशी थांबत होते. बरेच जण वहीचे रकाने मागत होते. छापलेल्या प्रती पहिल्या दिवशीच संपल्या. सगळ्यांत जास्त वेळ थांबला तो दालनातल्या खुर्च्या लावणारा तिथलाच एक ग्रंथालय परिचर. त्याने तक्ता दोनदा वाचला. “आमच्याकडे ‘नाही’ तोंडीच असतं,” तो म्हणाला, “त्यामुळे रोज नवीन.” त्याच्या गळ्यात प्रतिनिधीचा बिल्ला नव्हता.

परत आल्यावर वही उघडली. दोन दिवसांत मॅडमच्या अक्षरात नऊ नोंदी. शेवटच्या नोंदीपुढे लिहिलं होतं: ‘हे पुस्तक आपण दोन वर्षांपूर्वीच घ्यायला हवं होतं. चूक माझी.’ तेव्हापासून खरेदीची यादी करताना आमच्याकडे ही वही टेबलावर असते. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात मिळालेली सर्वांत मोठी मान्यता म्हणजे ती नोंद. पण ती फाइलीत लावता येत नाही.

पुढच्या वर्षी त्याच संघटनेने ‘ग्रंथालय कर्मचारी’ असा वेगळा गट जाहीर केला. या वेळी मागचं पान आधी वाचलं. अर्ज एका बैठकीत झाला, कारण लिहायचं सगळं फाइलीत होतं. पुरस्कार मिळाला नाही, ‘उल्लेखनीय कार्य’ मिळालं. मधल्या काळात मी पदवीच्या बहिःस्थ अभ्यासक्रमालाही नाव घातलंय. तालिकीकरणाच्या प्रात्यक्षिकाची भीती वाटते, वर्गीकरणाची अजिबात नाही.

प्रमाणपत्र टपालाने आलं. सुंदर कागद, सोनेरी कडा, आणि माझ्या नावाखाली पद: ‘ग्रंथपाल’. मॅडम म्हणाल्या, राहू दे, कोण बघतंय. मी ते परत पाठवलं. सोबत पत्र जोडलं, की माझं पद ग्रंथालय सहायक आहे, कृपया तसं छापून मिळावं. दोन महिन्यांनी दुरुस्त प्रमाणपत्र आलं. पद बरोबर होतं. माझ्या आडनावात मात्र एक अक्षर चुकलं होतं. ते तसंच ठेवलंय.