एकाचा चोथा, दुसरीचा भाला

येऊरच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोसायटीत एक जुना उंबर आहे. फळे पिकली की रात्री तेथे मोठी वटवाघळे उतरतात आणि सकाळी खाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपांवर चपटे, पिळून कोरडे केलेले चोथे पडलेले दिसतात. ही फळवाघळे गर जिभेने टाळूवरील आडव्या कंगोऱ्यांवर दाबतात, रस गिळतात आणि तंतू थुंकून टाकतात. उंबराचे बारीक बी मात्र रसाबरोबर पोटात जाते आणि थोड्याच वेळात, बहुधा दुसऱ्याच झाडाखाली, विष्ठेतून पडते. फळ पळून जात नाही, उलट कोणीतरी आपल्याला खावे अशीच त्याची रचना असते; म्हणून मोठे डोळे आणि तीक्ष्ण नाक एवढ्यावर या प्राण्याचे भागते.

समुद्रातील शंकूगोगलगाईला ही चैन परवडत नाही. तिचे भक्ष्य म्हणजे समुद्री किडे, इतर गोगलगाई आणि काही जातींच्या बाबतीत चक्क मासे. ती स्वतः सरपटणारी, तेव्हा घाव बसताच मासा जागीच लुळा पडला नाही तर उपासच घडायचा. तिच्या लांब होणाऱ्या सोंडेच्या टोकाशी विषाने भरलेला, पोकळ आणि काटेरी दात असतो. हा भाला एकदाच वापरला जातो. पुढच्या शिकारीसाठी पिशवीत राखीव दात तयारच असतात. कोनस जिओग्राफस या जातीच्या विषात तर माशांची साखर उतरवून त्यांना सुस्त करणारे इन्सुलिनही असल्याचे २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले.

भीतीचे वाटप मात्र आपण अजबच केले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवाघळे उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती; २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. निपाह या विषाणूच्या धोक्यामुळे त्यांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत हे रास्तच आहे, पण तेवढ्यासाठी उंबराच्या फांद्या छाटाव्यात ही आमच्या सभेतील मागणी मला पटत नाही.

शंकूगोगलगाईचे विष उपयोगीही पडले आहे: कोनस मॅगसच्या विषातील एका घटकावरून बनलेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते, पण अफूजन्य औषधांसारखे त्याचे व्यसन लागत नाही. तरीही प्रवाळखडकांत दिसलेला नक्षीदार जिवंत शंख उचलू नये. सोंड शंखाच्या मागच्या बाजूपर्यंतही वळते आणि या विषावर उतारा नाही.