मामाच्या विहिरीवरचं खुलं सर्किट : माझा अनुभव

गोव्यात सावई-वेऱ्याला मामाचं कुळागर आहे. पोफळी, माड, केळी, मिरवेली, सगळं एका विहिरीच्या पाण्यावर. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला जातं आणि पंप कोरडा फिरायची भीती असते. कोरडा फिरला की आधी सील जातं, मग मोटर जळते, आणि रिवाइंडिंगला दिलेली मोटर परत येईपर्यंत झाडं तहानलेली राहतात. पंप वेळीच बंद करणारा तयार कंट्रोलर मामाकडे होता. तो बंद पडला तेव्हा आम्ही उघडला. चिपवरचे नंबर घासून काढलेले, वर काळ्या राळेचा जाड थर. फोंड्याहून येणाऱ्या वायरमनने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, ह्यात हात घालायलाच जागा ठेवलेली नाही."

नवा कंट्रोलर मी करायचा आणि तो याच माणसाला दुरुस्त करता आला पाहिजे, एवढं त्या दिवशी ठरलं. पुढचे सगळे निर्णय त्यातून निघाले.

आर्डुइनोची ओळख कॉलेजपासूनची. प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डांचा, २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावात विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेला तो प्रकल्प. त्याच्या बोर्डांचे नकाशे सर्वांसाठी खुले असल्यामुळे आज कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्याचे सुटे भाग मिळतात. मी त्यातलीच एटमेगा ३२८पी ही चिप घेतली, २८ पायांची, सॉकेटमध्ये बसणारी. बिघडली तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची आणि नवी बसवायची. बोर्ड थोडा मोठा होतो, होऊ दे. वाळूच्या कणाएवढे सरफेस माउंट भाग घेतले असते तर तो दिसायला देखणा झाला असता, पण वायरमनच्या सोल्डरिंग आयर्नला त्याचा उपयोग काय?

पाण्याची उंची मोजायला आधी अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून पाहिला. विहिरीच्या कठड्यावरून आणि पाइपवरून प्रतिध्वनी येतो, सकाळी सेन्सरच्या तोंडावर दव धरतं, आकडे नाचतात. मग पाण्यात सोडायचा, पाण्याच्या दाबावरून उंची सांगणारा प्रेशर सेन्सर घेतला, पाच मीटर पाण्यापर्यंत मोजणारा. तो ४ ते २० मिलिअँपिअर करंट देतो. २५० ओहमच्या रेझिस्टरवर त्याचे १ ते ५ व्होल्ट होतात, म्हणजे चिपला थेट वाचता येतात आणि पातळी साधारण सहा मिलिमीटरपर्यंत कळते. ही पद्धत मला फार आवडते. विहीर रिकामी असली तरी ४ मिलिअँपिअर येतातच, त्यामुळे शून्य दिसलं की वायर तुटली हे लगेच समजतं आणि पंप थांबवता येतो. रिले, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, मोटरच्या वाटेत टाकला नाही, स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलच्या वायरीत टाकला; या कॉइलची वीज तुटली की स्टार्टर मोटर बंद करतो. थ्री-फेजचं ते काम वायरमननेच केलं आणि कोणीही ते वायरमनकडूनच करून घ्यावं.

या सेन्सरच्या केबलमध्ये एक बारीक नळी असते, बाहेरच्या हवेचा दाब आत पोचावा म्हणून. ती बंद करून चालत नाही आणि उघडी ठेवली तर आपल्याकडच्या जूनमधली दमट हवा आत जाते. जोडणीच्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवली, ती पावसाआधी बदलायची. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगनंतर उरणारा चिकट थर, काढला आणि मग ॲक्रिलिक कोटिंगचा फवारा मारला. फ्लक्स तसाच राहिला तर कोटिंगखाली ओल धरून तांबं हिरवं पडतं. केबल पेटीत खालून घ्यायची आणि त्याआधी तिला खाली झोल द्यायचा, म्हणजे पागोळीचं पाणी झोलावरून गळतं. उरलेली सगळी भोकं बुजवायची, मुंग्यांसाठी. कुळागरात रिलेची पेटी म्हणजे मुंग्यांना तयार घर.

बोर्डाचं ड्रॉइंग कीकॅडमध्ये केलं. हे सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्थाही त्याच्या विकासाला हातभार लावत आली आहे. बोर्डावर 'विहीर', 'पंप', 'दिवा' ही अक्षरं मला मराठीतच हवी होती. ती चित्र म्हणून आत घेतली. पहिल्या खेपेला छपाईत अनुस्वार उडाले आणि 'पंप'चा 'पप' झाला, कारण साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ किंवा ठिपका तिथे उमटत नाही. अक्षरं मोठी केली, अनुस्वार हाताने जाड केले. पांढऱ्या शाईत ठसठशीत 'विहीर' वाचून वायरमनने स्क्रू टर्मिनलला वायर लावली, मला एकदाही न विचारता.

बोर्डाचे नकाशे मला सगळ्यांसाठी खुले ठेवायचे होते, म्हणून मग आलं लायसन्स. ओळखीच्यांनी बजावलं की व्यापारी वापराला मनाई घाल, नाहीतर कोणीतरी उचलून विकेल. तसं केलं तर ते ओपन सोर्स हार्डवेअर उरतच नाही. २०११ सालच्या ओपन सोर्स हार्डवेअरच्या व्याख्येत कोणालाही बनवायची आणि विकायची मोकळीक आहे. आणि मला तर तेच हवं होतं! वायरमनने हे बोर्ड जोडून विकावेत, चार पैसे कमवावेत. म्हणून हार्डवेअरला सर्नचं ओएचएल (ओपन हार्डवेअर लायसन्स) आवृत्ती २, त्यातला 'एस' प्रकार घेतला. यात बदल करून विकणाऱ्याला बदललेले नकाशेही द्यावे लागतात. प्रोग्रॅमला जीपीएल हे तशाच अटीचं सॉफ्टवेअरचं लायसन्स, माहितीपत्रकाला क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एसए, म्हणजे श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कोणीही वापरावं.

शेवटी ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. फी नाही, फॉर्म ऑनलाइन. सगळा वेळ तयारीत जातो. कारखान्याला पाठवायच्या गर्बर फाइली नुसत्या टाकून भागत नाही, ज्यात बदल करता येतो ती मूळ कीकॅड फाइल द्यावी लागते. सुट्या भागांची यादी, जोडणीची कृती आणि हार्डवेअर, प्रोग्रॅम, माहितीपत्रक या तिन्हींची लायसन्सं वेगवेगळी लिहायची. पाहणी झाली की 'आयएन'ने सुरू होणारा भारताचा क्रमांक मिळतो, तो चिन्हासह बोर्डावर छापता येतो. हे प्रमाणपत्र फक्त खुलेपणाचं आहे. वस्तू विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे की नाही, याची तपासणी त्यात होत नाही. बोर्ड कोणाला देताना मी हे आवर्जून सांगते.

जोडणीची कृती मराठीत लिहायला मला बोर्ड काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि तो वेळ मी पुन्हाही देईन. ती कृती वाचून डिचोलीच्या एकाने स्वतः बोर्ड जोडला. त्याचा पंप सिंगल-फेज, स्टार्टर निराळा. त्याने छापील सर्किटवर बदल पेनाने काढून फोटो पाठवला. तो बदल आता मूळ फाइलमध्ये चढवते आहे, आणि ऑक्टोबरच्या विजांच्या आत सेन्सरच्या वायरीवर सर्ज अरेस्टरची, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणाऱ्या भागाची, जागाही करायची आहे.