अ‍ॅश्टन जेंटीची पडताळणी: २,६०१ यार्डांतले लाइनचे किती, त्याचे किती?

अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू तपासायच्या माझ्या वहीत सध्या एकच नाव आहे. बॉयसी स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जेंटी, २०२४चा मोसम: १४ सामने, ३७४ कॅरी (चेंडू घेऊन केलेल्या धावा), २,६०१ यार्ड, २९ टचडाउन. कॉलेजच्या एका मोसमात सर्वाधिक यार्ड धावण्याचा बॅरी सँडर्सचा १९८८चा विक्रम २७ यार्डांनी हुकला. (सँडर्सला ११च सामने लागले होते, हे वाद घालताना सोयीनं विसरलं जातं.)

हे यार्ड त्याचे की पुढे वाट मोकळी करणाऱ्या लाइनचे, यावर एकूण बेरजेवरून भांडण्यात अर्थ नाही. प्रत्येक कॅरीला एक ओळ द्यायची: डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी), हवे असलेले यार्ड, बॉक्समध्ये (लाइनसमोरच्या पट्ट्यात) किती बचावपटू, धाव झोनची (लाइन एकत्र एका बाजूला सरकते) की गॅपची (ठरलेल्या फटीतून), पहिला धक्का कुठे बसला, धक्क्यानंतर किती यार्ड. पहिल्या डाउनला हव्या यार्डांपैकी ४० टक्के, दुसऱ्याला ६०, पुढे पूर्ण १०० मिळाले तरच धाव यशस्वी धरायची. एखादी लांब धाव सरासरी कशी फुगवते ते लगेच कळतं. ओरेगनविरुद्ध २५ कॅरीत १९२ यार्ड; ७० यार्डांची धाव वगळली तरी २४ कॅरीत १२२ उरतात, म्हणजे सरासरी ५.१. हा फुगा नव्हे. उलट पेन स्टेटविरुद्ध ३० कॅरीत १०४ यार्ड, आणि शंकेखोर हाच आकडा पुढे करतात. इथे धक्क्याचा रकाना बघा. स्क्रिमेजच्या (खेळी सुरू होते त्या रेषेच्या) मागेच अंगावर कोणी आलं असेल तर दोष लाइनचा. आतली फट सोडून तो स्वतः बाहेर पळाला असेल तर त्याचा.

बाहेरच्या धावांचे गुण मात्र हात राखून द्या. कॉलेजच्या मैदानात हॅश मार्कांमध्ये (प्रत्येक खेळी ज्यांच्या आतूनच सुरू होते त्या दोन खुणा) ४० फूट अंतर असतं, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. त्यामुळे कॉलेजात चेंडू हॅशवर असला की रुंद बाजूला १०० फूट मोकळे मिळतात, एनएफएलमध्ये जेमतेम ८९. कॉलेजात कडेनं सहज निसटणारा तिथे साइडलाइनला कोंडला जातो. जेंटीच्या बाजूनं माझं मत झुकतं ते यामुळेच: त्याचे बरेच यार्ड टॅकल (पाडायला आलेल्याची पकड) मोडून आलेत, आणि टॅकल मोडायला रुंदी लागत नाही.

उंची पाच फूट साडेआठ इंच, वजन २११ पौंड. बुटकेपणाचा आक्षेप मला पोकळ वाटतो. खरी परीक्षा पास प्रोटेक्शनची, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवण्याची. गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्यातून बघा: नजर आधी आत, मग बाहेर जाते का, लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) येताना पाय थांबतात का, खांद्यानं नुसती धडक देतो की हात छातीवर ठेवून अडवतो. यात नापास होणारा तिसऱ्या डाउनला बाकावर बसतो. झेल घेण्याची शंका नको: २०२३मध्ये ४३ झेल, ५६९ यार्ड. २०२४मध्ये २३ झेल आणि १३८ यार्डच, पण एका मोसमात हात बिघडत नाहीत.

“३७४ कॅरींनी पाय झिजले” म्हणणाऱ्यांसाठी डेरिक हेन्री: अलाबामा विद्यापीठात २०१५ला ३९५ कॅरी, ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांकडून नव्या खेळाडूंची क्रमवार निवड) ४५वा, २०२०मध्ये एनएफएलात २,०२७ यार्ड. “इतक्या वर निवडलेला फुकट जात नाही” म्हणणाऱ्यांसाठी अलाबामाचाच ट्रेंट रिचर्डसन: २०१२ला तिसरा, पदार्पणात ९५० यार्ड पण सरासरी ३.६, पुढच्या वर्षी कोल्ट्स संघाकडे २.९. मोकळी फट समोर असताना तो लाइनच्याच पाठीवर आदळायचा. जेंटीच्या चित्रफितीत हा दोष मला दिसत नाही. एनएफएलच्या रेडर्स संघानं त्याला सहावा घेतला; मला महाग वाटला नाही.

वेगाचा रकाना कच्चाच आहे, कारण कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना) तो ४० यार्ड धावलाच नाही. पर्याय फ्रेम मोजण्याचा: सेकंदाला ३० फ्रेमची चित्रफीत घ्या, पूर्ण वेगात आल्यावर २० यार्ड अंतरावरच्या दोन रेषा निवडा, पाऊल रेषेवर पडल्यापासून मोजा. ६१ फ्रेम म्हणजे ताशी सुमारे २० मैल. एका फ्रेमची चूक दीड-पावणेदोन टक्क्यांची. रिप्ले कधीच वापरू नका, तो मंद केलेला असतो.