आवाज बंद केलेला सामना

मी कोल्हापुरात शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि फुटबॉलच्या हंगामात पंच. शाहू स्टेडियमवर शिट्टी वाजवायची आणि दुसऱ्या दिवशी पेठेतून जाताना प्रत्येक फाउलचा हिशेब द्यायचा, हे आमच्या कामात धरलेलंच असतं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा खंडोबा असा इथल्या तालीम संघांचा सामना ज्यानं सांभाळला, त्याला गॅलरीतून येणाऱ्या शब्दांची भीती उरत नाही. पण ९ डिसेंबर २०२२ च्या रात्री माझ्यावर जी ड्युटी आली, तिच्यात मैदान नव्हतं, शिट्टी नव्हती आणि ज्यांच्यावर निर्णय द्यायचा ते खेळाडू कतारमध्ये होते.

कतार विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीचे दोन सामने त्या एकाच रात्री होते. साडेआठला क्रोएशिया विरुद्ध ब्राझील आणि साडेबाराला नेदरलँड्स विरुद्ध अर्जेंटिना. आमच्या पेठेत एक गल्ली ब्राझीलची, तिला लागून असलेली अर्जेंटिनाची. मधल्या चौकात नेमार आणि मेस्सीचे कटआउट समोरासमोर उभे होते. ही निष्ठा वरवरची नाही. १९८६ ला मॅराडोनाला टीव्हीवर बघून ज्यांनी संघ धरला, त्यांची नातवंडं आता निळे-पांढरे पट्टे घालून फिरतात.

अर्जेंटिनावाल्यांनी तालमीच्या पटांगणात पडदा लावायचं ठरवलं. पोलीस ठाण्यात बैठक झाली. दहानंतर आवाज पूर्ण बंद, फटाके नाहीत आणि दोन्ही गल्ल्या ज्याचं ऐकतील असा एक माणूस हजर पाहिजे. मंडळाचे अध्यक्ष रात्री घरी आले. म्हणाले, "सर, तुम्ही नुसतं बसा. पोरांचा वाद लागला की तुम्ही सांगाल ते फायनल."

ब्राझीलचा सामना बघायला दोन्ही गल्ल्या पटांगणातच होत्या. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला क्रोएशियाच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात, चेंडू हाताला लागला का, हे व्हीएआरनं (व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी) तपासलं आणि खेळ पुढं गेला. तेवढ्यावर थोडी कुरकुर झाली. दहाला स्पीकर बंद झाला. जादा वेळेत नेमारनं गोल केला तेव्हा पोरं तोंडावर हात दाबून नाचली. ११७ व्या मिनिटाला पेटकोविचनं बरोबरी केली. क्रोएशियाचा गोलवर गेलेला तो एकुलता एक फटका. टायब्रेकरमध्ये रॉड्रिगोची किक अडली, मार्किन्योसची पोलला लागली, आणि ब्राझील बाहेर. नेमारची किक आलीच नाही. पोरं रडली, नेमारला आधी का पाठवलं नाही म्हणून प्रशिक्षकावर चिडली, पण पंच मायकेल ऑलिव्हर यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. हरल्यावरही पंच आठवू नये, इतका स्वच्छ सामना त्यांनी काढला होता. माझ्या धंद्यात याहून मोठी पावती नाही.

साडेबाराला ब्राझीलची निम्मी पोरं आपल्या गल्लीत परतली, निम्मी पटांगणात मागे उभी राहिली. आता ती नेदरलँड्सची होती. त्यांच्यात माझ्या शाळेच्या संघाचा गोलकीपर होता. नववीतला मुलगा, अंगात पिवळी जर्सी, डोळे सुजलेले.

पंच होते स्पेनचे अँतोनियो मातेऊ लाहोझ. आवाज बंद असल्यामुळे समालोचन नाही, पंचाची शिट्टी ऐकू येत नाही, फक्त हातवारे दिसतात. त्यामुळे प्रत्येक थांब्याला मान वळायची ती माझ्याकडे. "सर, काय दिलं?" "सर, हे कुणाला कार्ड?" अर्ध्या तासातच अर्जेंटिनाचे सहप्रशिक्षक वॉल्टर सॅम्युएल यांना पिवळं कार्ड निघालं. हाफ टाइमच्या तोंडावर नेदरलँड्सच्या बाकावर बसलेल्या वेगहोर्स्टला निघालं. मैदानात पाय न ठेवलेल्या माणसांना कार्ड कसं, हे मी समजावत होतो आणि मनात मला हे लक्षण बरं वाटत नव्हतं. बाकावरच्यांना सामन्यात ओढलं की मग ते शांत बसत नाहीत.

हाफ टाइमला अर्जेंटिना एक गोलनं पुढं होती, मोलिनाच्या. पोरं खुशीत होती म्हणून मी त्यांना सांगितलं की ही कार्डं आली तीच मुळात अर्जेंटिनाच्या एका बाद फेरीच्या सामन्यानंतर. १९६६, वेम्बली, इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातिन याला बाहेर काढलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि रातिन कितीतरी वेळ मैदान सोडेना. त्या गोंधळानंतर इंग्लंडचे केन ॲस्टन यांना रस्त्यावरचा सिग्नल बघून पिवळ्या आणि लाल रंगाची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. कोणालाही, कुठल्याही भाषेत कळावीत म्हणून. गोलकीपर मागून म्हणाला, "म्हंजे तवापास्नं अर्जेंटिनावाले भांडत्यात." सगळे हसले. अजून हसण्याची वेळ होती.

७३ व्या मिनिटाला नेदरलँड्सच्या डम्फ्रीजनं अर्जेंटिनाच्या अकुन्याला डीमध्ये पाडलं. पेनल्टी, मेस्सी, दोन-शून्य. ८३ व्या मिनिटाला बदली आलेल्या वेगहोर्स्टनं हेडर मारून एक फेडला आणि पटांगणाचा श्वास बदलला. मध्ये मेस्सीनं हातानं चेंडू अडवला तेव्हा मागून ओरड झालीच, "मेस्सी हाय म्हणून कार्ड न्हाई!" मी सांगितलं की नुसत्या हँडला कार्ड लागत नाही, चांगली चाल तोडली तर लागतं. पटलं नाही कोणाला.

मग ८९ व्या मिनिटाच्या आसपास अर्जेंटिनाचा पारेदेस. त्यानं नेदरलँड्सच्या आके याला जोरात पाडलं आणि शिट्टी झाल्यावर चेंडू सरळ नेदरलँड्सच्या बाकावर मारला. अख्खा बाक मैदानात आला. नेदरलँड्सचा कर्णधार व्हान डाइक धावत येऊन त्याला धडकला आणि पारेदेस आडवा. मागची पोरं "रेड! रेड!" म्हणून ओरडायला लागली. पुढचा एक जण खुर्ची पाडून उठला आणि मागं वळला. दोन पोरं त्याच्या मागं. मी उठून मध्ये उभा राहिलो, तर प्रोजेक्टरचा झोत अंगावर. पडद्यावर माझीच सावली. सगळ्यांना सामना दिसेना, म्हणून सगळे थांबले.

"सर, तुम्ही सांगा. काय व्हतं ते?"

समोर बसलेले सगळे अर्जेंटिनाचे. मला बोलावलं त्यांनी, खुर्ची दिली त्यांनी. मी म्हणालो, "आकेला पाडलं तेव्हाच पिवळं. बाकावर चेंडू मारला ते दुसरं पिवळं. म्हणजे लाल. मी असतो तर पारेदेस बाहेर. आणि व्हान डाइक ज्या तऱ्हेनं अंगावर आला त्यालाही कार्ड."

"सर, तुम्ही कुणाच्या बाजूचं?" पुढच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं. माझ्या वडिलांच्या ओळखीचे. मी म्हणालो, "काका, शाहू स्टेडियमवर तुम्ही मला कायम हेच विचारता." ते खाली बसले. खुर्ची पाडणारा पोरगाही बसला, पण माझ्याकडे पाठ करून.

पारेदेसला एकच पिवळं मिळालं. माझं मत आजही तेच आहे. लाहोझ यांनी त्या रात्री १८ पिवळी कार्डं काढली. विश्वचषकाच्या एका सामन्यात एवढी पिवळी कार्डं त्याआधी निघाली नव्हती. पण त्यातली कितीतरी बोलण्याला होती, बाकाला होती. सामना हातातून सुटायची खरी वेळ आली तेव्हा कार्डाचा धाकच उरला नव्हता. कोल्हापुरात मी हे जवळून बघितलंय. पहिल्या वीस मिनिटांत तीन पोरांना बडबडीबद्दल कार्ड द्या, चौथा तुम्हाला मोजतच नाही. उलट कर्णधाराला बाजूला घेऊन एक वाक्य नीट बोललं की अर्धा तास निघतो. एवढ्या मोठ्या पंचाला हे ठाऊक नसेल असं नाही. म्हणूनच मला ते बघवत नव्हतं.

नव्वद मिनिटांनंतर दहा मिनिटांचा भरपाई वेळ लागला. ती दहाही संपत आली आणि डीच्या बाहेर पेझेलानं वेगहोर्स्टला पाडलं. फ्री किक. पुन्हा माना वळल्या. फाउल होता का? होता. मी मान हलवली आणि शिव्या कतारकडे जायच्या त्यातल्या काही माझ्याकडे आल्या.

आमचा पडदा लॅपटॉपवर होता, मोबाइलच्या नेटवर जिओ सिनेमा. पलीकडच्या गल्लीत केबल. नेटवरचं चित्र केबलच्या बरंच मागं असतं. कूपमायनर्स अजून चेंडूजवळ उभा होता, भिंत लागत होती, आणि पलीकडच्या गल्लीतून आरोळी उठली. ब्राझीलची गल्ली त्या वेळी कशाला ओरडेल, हे सांगायची गरज नव्हती. पटांगणात दीडशे माणसं, सगळ्यांना कळलं की गोल झालाय, आणि समोर अजून किक घेतलेलीच नाही. कोणी डोळे झाकले, कोणी उठून पडद्याजवळ गेलं. कूपमायनर्सनं थेट न मारता भिंतीच्या बाजूनं हळूच पास दिला, वेगहोर्स्टनं चेंडू अंगावर घेऊन वळवला, दोन-दोन. ९० अधिक ११ वं मिनिट. मी इतकी वर्षं फुटबॉल बघतो, पण घडून गेलेली गोष्ट घडताना बघण्याचा तो त्रास दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

जादा वेळ तसाच गेला. प्रत्येक वेळी पलीकडे कोणी शिंकलं तरी इकडची पोरं दचकायची. टायब्रेकर ठरला तेव्हा खुर्ची पाडणारा तोच पोरगा उठला आणि म्हणाला, "हितं बसून कळून मरण्यापेक्षा तिकडं जाऊ." आणि चक्क सगळे उठले. मी घाईनं पुढं झालो, कारण रात्री तीन वाजता एका गल्लीनं दुसऱ्या गल्लीत शिरणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तिथं एका घराच्या पडवीत टीव्ही ठेवला होता. ब्राझीलवाल्यांनी आम्हाला बघितलं. क्षणभर कोणी हललं नाही. मग एक आजी आतून म्हणाल्या, "म्हाताऱ्यास्नी फुडं बसू द्या, पोरं मागं." तेवढ्यानं झालं. पुढचे काका पुढं बसले.

अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझनं व्हान डाइकची किक अडवली, बर्गहाऊसची अडवली. एन्झो फर्नांडेझची बाहेर गेली तेव्हा ब्राझीलवाले ओरडले, शेवटची लाउतारो मार्टिनेझनं मारली तेव्हा अर्जेंटिनावाले. चार-तीन. त्यानंतरही पंचाचं काम संपलं नव्हतं. टायब्रेकर संपल्यावर डम्फ्रीजला दुसरं पिवळं आणि लाल. चौकात कोणीतरी फटाक्यांची माळ लावलीच. पोलिसांची गाडी आली, दोघांची नावं लिहून घेतली, गाडी गेली.

लाहोझ यांना त्या स्पर्धेत पुढचा सामना मिळाला नाही. पेठेत त्याचाही आनंद झाला, दोन्ही गल्ल्यांत. मला झाला नाही.

पुढच्या मंगळवारी मध्यरात्रीनंतर अर्जेंटिनाचा उपांत्य सामना होता, क्रोएशियाविरुद्ध. मंडळानं या वेळी केबलची वायर पटांगणापर्यंत ओढून आणली होती. ३२ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या अल्वारेझनं चेंडू गोलकीपर लिवाकोविचवरून काढला आणि दोघं धडकले. इटलीचे पंच ओर्सातो यांनी पेनल्टी दिली, लिवाकोविचला पिवळं. ज्यांना चार दिवसांपूर्वी क्रोएशियानं रडवलं होतं, तीच पोरं क्रोएशियासाठी उठून उभी. मी म्हणालो, पेनल्टी बरोबर आहे. गोलकीपर उशिरा आला, चेंडू मिळाला नाही, माणूस मिळाला.

"मग गोलकीपरनं जायचं कुठं सर?" आमचा नववीतला उभा राहिला. "फुडं आला न्हाई तर गोल. आला तर पेनल्टी. चेंडू ग्येल्यावर त्यानं अंग कुठं ठेवायचं?"

प्रश्न खरा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर त्याला गोलमध्ये उभं केलं आणि दोन फॉरवर्ड त्याच्यावर सोडले. धावत येऊन आडवं पडायचं नाही, दोन पावलं अलीकडे थांबायचं, हात पसरून उभं राहायचं, फॉरवर्डला ठरवू द्यायचं. अंधार पडेपर्यंत केलं. शेवटी शेवटी त्याला जमायला लागलं, दोन चेंडू छातीवर घेऊन अडवले. लिवाकोविचची पेनल्टी मात्र त्याला अजून मान्य नाही. परवाही मैदानात भेटला तेव्हा मोबाइल काढून तोच प्रसंग मला थांबवून थांबवून दाखवत होता.