टीसी आधी की होकार आधी?

बाबांची बदली म्हापशाला झाली तेव्हा माझं बीएचं पहिलं वर्ष सावंतवाडीत नुकतंच संपलं होतं. मुख्य विषय इतिहास. "सावंतवाडी ते म्हापसा कितीसा लांब गो? हयचे कागद थंय दिवचे, झाला," बाबा म्हणाले.

अंतराचं म्हणाल तर खरंच काही नाही. बांदा मागे टाकलं, पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. पण सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची आणि नाक्यापलीकडची गोवा विद्यापीठाची. गंमत म्हणजे 1985 साली गोवा विद्यापीठ झालं, त्याआधी पणजी-म्हापशाची कॉलेजंही मुंबईलाच जोडलेली होती. तेव्हा बदली झाली असती तर विद्यापीठ तरी तेच राहिलं असतं. आता एनओसी, टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ सोडल्याचा दाखला), पात्रतेचा दाखला, आणि या सगळ्यांची झेरॉक्स.

मी निघालेच होते टीसी काढायला. त्याच्या आदल्या दिवशी नव्या कॉलेजच्या चौकशीच्या रांगेत पुढे उभ्या मुलीच्या हातात माझ्यासारखीच फुगलेली फाइल दिसली. ती चंदगडहून आलेली. तिनं मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं. माणसं 11, सगळी अशीच मध्येच कॉलेज बदललेली किंवा बदलू पाहणारी. नाव धड नव्हतं, फोटोच्या जागी गोव्याची कदंब बस.

त्या रात्री माझ्या लांबलचक प्रश्नाला डिचोलीच्या एका ताईनं एका ओळीत उत्तर दिलं: "टीसी काढू नको. आधी इकडचा होकार लेखी घे." टीसी घेतली की जुनी जागा गेली, आणि नव्या जागेचा अजून पत्ता नाही. ही साधी गोष्ट मला कुठल्याच सूचनापत्रकात दिसली नव्हती. तिथे कागदांची यादी होती, पण त्यांचा क्रम नव्हता.

खरी डोकेदुखी क्रेडिटची, म्हणजे प्रत्येक पेपर पास झाल्यावर मिळणाऱ्या अभ्यासाच्या एककांची. एबीसी, म्हणजे यूजीसीनं 2021 मध्ये आणलेली क्रेडिटची बँक, तिच्यात माझं खातं होतं. क्रेडिट तिथे सात वर्षं जमा राहू शकतात, एवढं वाचून मी निश्चिंत. इथे भरले, तिथे काढले! त्यावर ताईचा कोकणीत मेसेज आला: "बँकेंत पयशे आसात म्हूण दुकानदारान ते घेवपाकच जाय अशें ना." कोणता पेपर कशाच्या बदल्यात धरायचा, हे नवं विद्यापीठ ठरवतं.

आणि दोन्हीकडे नवं शैक्षणिक धोरण असलं तरी मापं वेगळी. तिकडे माझ्या एका सत्राचे 22 क्रेडिट, इकडे 20. म्हणजे माझ्याकडे जास्तच होते की! पण तिकडचे ओईचे (मुख्य विषयाबाहेरचे, आवडीनं निवडायचे) पेपर दोन-दोन क्रेडिटचे, इकडे त्याच्या जवळपासचं जे एमडीसी (दुसऱ्या शाखेतला पेपर), ते तीनचं. एसईसीचंही, म्हणजे कौशल्याच्या पेपरचंही, तसंच. "दोन नि दोन चार होतात, तीन होत नाहीत," असं बेळगावच्या मुलानं लिहिलं. त्यापुढे हसण्याचे सहा चेहरे. मी तेव्हा हसले नाही.

त्यानंच मग नीट समजावलं. छोट्या पेपरांसाठी भांडू नको, ते पुन्हा करावे लागले तर कर. सगळा जोर इतिहासाच्या पेपरांवर लाव. आणि नुसती गुणपत्रिका नेऊ नको. प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम छापून त्यावर जुन्या कॉलेजचा सही-शिक्का घे, कारण समोरचे सर नाव बघत नाहीत, आत काय शिकवलं ते बघतात. मी सावंतवाडीला जाऊन 30 पानांवर शिक्के मारून आणले. सरांनी खरोखर ती पानं उलटून पाहिली. इतिहासाचे सगळे पेपर धरले गेले. एक एमडीसी आणि एक एसईसी जादा करावं लागलं.

ग्रुपचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. "मायग्रेशनची झेरॉक्स चालते, मूळ नंतर दिलं तरी चालतं," असं एकानं ठामपणे लिहिलं होतं. मी झेरॉक्स घेऊन दोन बस बदलून ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात पोचले. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. अख्खा दिवस आणि एक पावसाळी छत्री गेली. रात्री विचारलं तर तो म्हणाला, त्याचं दोन वर्षांपूर्वी चाललं होतं. राग आला, पण चूक माझीही होतीच. एक फोन करून विचारता आलं असतं.

प्रवेश झाला आणि वाटलं, सुटले. पण दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बाकं ठरलेली, डबे ठरलेले, पहिल्या वर्षातल्या गमतीही त्यांच्या त्यांच्यात. स्वागताचा कार्यक्रम असतो तो पहिल्या वर्षाला. माझी मालवणी ऐकून कुणी हसायचं, आणि ते प्रेमानं की कशानं हे कळायचं नाही. मधल्या सुट्टीत मी लायब्ररीत लपायची. हे ग्रुपवर लिहायला लाज वाटत होती, तरी एकदा लिहिलं. चंदगडवालीचं उत्तर, "मी पण. उद्या कँटीनमध्ये ये, भाजी-पाव खाऊ." ती विज्ञान शाखेची, तिची सुट्टी माझ्या आधी दहा मिनिटं संपायची. ती तिसऱ्या दिवशी मला एका टेबलाशी बसवून निघून गेली. त्या टेबलावर माझ्याच वर्गातल्या दोघी होत्या.

यंदा जूनमध्ये ग्रुपवर दोडामार्गच्या एका मुलीचा प्रश्न आला, रात्री पावणेबाराला: मूळ मायग्रेशन लगेच लागतं का? मी माझा अनुभव टाइप केला आणि थांबले. सकाळी आधी कार्यालयात फोन केला, मग तिला उत्तर पाठवलं. शेवटी तारीख घातली.