सतरावे स्थान

एव्हर्टनने आज, २८ मे २०२३ रोजी, बॉर्नमथला १–० असे हरवले आणि प्रीमियर लीग या इंग्लिश फुटबॉलच्या अव्वल श्रेणीतील आपली जागा हंगामाच्या शेवटच्या दिवशी, सतराव्या म्हणजे घसरणीपासून वाचवणाऱ्या अखेरच्या स्थानावर राहून, राखली. ३८ सामन्यांत जेमतेम ३४ गोल करणाऱ्या आणि जानेवारीअखेर प्रशिक्षक लॅम्पार्ड यांना हटवून शॉन डाइश यांच्या हाती सोपवलेल्या या संघाचा हंगाम इतका रडतखडत गेला, की गुडिसन पार्क या घरच्या मैदानावरचा आजचा आनंद मला थोडा अवघडल्यासारखाच वाटला.

मध्यंतराला इथे गोलफलक कोरा होता, तिकडे आमच्यासारखेच घसरण टाळायला झगडणारे लेस्टर आपल्या सामन्यात आघाडीवर होते आणि त्या घटकेला १९५४ पासून अव्वल श्रेणीत टिकून असलेला हा क्लब खाली घसरलेला होता. मग ५७व्या मिनिटाला बॉर्नमथच्या बचावपटूने डोक्याने परतवलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेला खाली येताच आमच्या डुकुरेने तो असा हाणला, की गोलरक्षकाचे काही चालले नाही. पुढे वाया गेलेल्या वेळेची भरपाई दहा मिनिटांची जाहीर झाली (दहा!), त्यात आमचा गोलरक्षक पिकफर्डने एक फटका अडवला आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण बरोबरी झाली असती, तर एव्हर्टन आणि लेस्टरचे गुण सारखे होऊन गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) लेस्टर वाचले असते.

लेस्टर जिंकूनही गेले: ३४ गुण, एव्हर्टनचे ३६. २०१६ चे विजेते सात वर्षांत खालच्या श्रेणीत गेले, याची हळहळ मला एव्हर्टनचा चाहता असूनही वाटते. मात्र सलग दुसऱ्या वर्षी काठावर वाचलेल्या आमच्या संचालकांनी आज मिरवू नये. त्यांनी आधी एक धड गोल करणारा खेळाडू आणावा.