भरावाखाली निघालेली फरशी

जनावरांच्या मोठ्या कुरणातून ओढा जातो, पलीकडे गोठा आहे, दूध न्यायला टँकर येतो आणि त्याला ओढा ओलांडायचाय. एवढंच काम होतं. आधीची पाईप मोरी पावसाळा आला की वाहून जायची, मालकांनी ती पुन्हा पुन्हा भरून घेतलेली आणि आता त्यांना "एकदाच काय ते मजबूत" करून पाहिजे होतं. मजबूत म्हणजे मोठे पाईप आणि वर उंच भराव. मी हीच कामं करतो, ओढ्यावरच्या मोऱ्या, चाऱ्या, शेतरस्ते, त्यामुळे हे मागणं मला नवीन नाही.

लोकांना वाटतं मोरी पाण्याच्या जोरानं फुटते. बहुतेक वेळा आधी तोंडाशी फांद्या, पालापाचोळा, कुंपणाची तार अडकते, पाणी तुंबतं, चढतं आणि जिथे सगळ्यात खाली जागा मिळेल तिथून वाट काढतं. म्हणून साईटवर गेलो की मी पाईपकडे नंतर बघतो, आधी लेव्हल मशीन लावून रस्त्याच्या लेव्हल घेतो. इथे रस्ता बरोबर ओढ्यावरच सगळ्यात उंच होता आणि डावीकडे कुरणात उतरत गेलेला. म्हणजे मोरी तुंबली की पाणी ओढा सोडून रस्त्यानं चालायला लागणार, आणि तेच झालं होतं, गाडीच्या चाकोऱ्या धरून पाणी खाली गेलं आणि चांगल्या गवताच्या जमिनीत डोक्याइतकी खोल घळ पाडली. रस्त्याचा सगळ्यात खालचा बिंदू ओढ्यातच पाहिजे, वरून गेलेलं पाणी परत ओढ्यातच पडलं पाहिजे. पहिलं बघायचं ते हेच, आणि ते ज्यानं बघितलं नाही त्याच्या हाती पोकलेन द्यायलाच नको असं माझं मत आहे.

बरं, पाईप कुठले तर ६०० मिलिमीटरचे दोन. दोन आहेत म्हणजे भरपूर झाले असं सगळ्यांना वाटतं. पण त्याच उतारावर ९०० चा एक पाईप ६०० च्या एका पाईपच्या जवळजवळ तिप्पट पाणी नेतो, रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनियरनं १८८९ मध्ये मांडलेल्या पाण्याच्या वेगाच्या सूत्रानं कुणीही हिशेब करून बघावा. म्हणजे हे दोन मिळून ९०० च्या एकाची बरोबरी करत नाहीत, आणि मधल्या जागेत ओंडका अडकायची सोय वेगळी. ओढा तिथे ९ मीटर रुंद. गुडघाभर पाणी धरलं तरी साधारण साडेचार चौरस मीटरचा प्रवाह, आणि दोन्ही पाईपांची तोंडं मिळून अर्ध्या चौरस मीटरच्या थोडी वर. एवढं पाणी त्या भोकातून काढायचं म्हटल्यावर त्याचा वेग वाढणारच, आणि वेग दुप्पट झाला की पाणी ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतं. पाईपच्या खालच्या अंगाला खड्डा पडलेला, पाईपचं तोंड हवेत लोंबत होतं, मासे वर जायचा रस्ता कायमचा बंद.

तर जुनी मोरी उकरायला घेतली. भराव निघाला, पाईप निघाले, आणि ऑपरेटरनं मशीन थांबवलं. "साहेब, खाली दगड लागतोय, पण सुटा नाही वाटत." मी म्हटलं कातळ असेल, चांगलंच आहे. खाली उतरून फावड्यानं माती ओढली तर कातळ नव्हता, लावलेले दगड होते. लांबट दगड उभे रोवलेले, अरुंद बाजू वर, फटींत चिपा इतक्या घट्ट ठोकलेल्या की पहार घालायला जागा सापडेना. आम्ही मशीन बाजूला घेऊन सगळं हातानं मोकळं केलं. ओढ्याच्या पूर्ण रुंदीची फरशी निघाली, म्हणजे पाण्यातूनच ओढा ओलांडायची दगडी वाट. मधे किंचित खोलगट, म्हणजे उन्हाळ्यातलं थोडं पाणी एका ठिकाणाहून जावं. खालच्या कडेला मोठ्या दगडांची ओळ, त्यातल्या एकाच्या शेजारी चाचणी खड्डा घेतला तर तो कंबरभर खाली गेलेला. आज आम्ही तिथे काँक्रीटची कट-ऑफ भिंत घालतो, काम तेच, पाण्यानं खालून माती ओढून नेऊ नये. जागासुद्धा नेमकी, ओढा सरळ, पसरट, वळणाच्या लांब. पाणी पसरलं की उथळ होतं, वेग मरतो. हे ज्यानं केलं त्याला ओढा कळला होता.

पण मधल्या पट्ट्यातले दगड नव्हते. पाईप बसवायला ते उपटले होते, आणि तेच दगड खालच्या खड्ड्यात टाकलेले सापडले. म्हणजे आधीच्या ठेकेदारानं ही फरशी बघितली होती. मला वाटत होतं त्याला माहीत नसेल. त्याला माहीत होतं, हातानं दगड काढले, पाईप ठेवले आणि वरून भराव टाकून ती गाडून टाकली.

हे काही डोक्यातून जात नाही. अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण दगड काढताना ते किती घट्ट आहेत हे त्याच्या माणसांना कळलंच असणार. मला वाटतं बिलाची पद्धत याच्या मुळाशी आहे. भरावाचे घनमीटर मोजले जातात, पाईपचे मीटर मोजले जातात, जे आहे ते नीट आहे, हात लावू नका, याचं बिल होत नाही. आणि मालक लोकांनाही पैसे दिल्यावर काहीतरी उंच उभं राहिलेलं दिसायला पाहिजे असतं.

मालकांना दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण पाण्यातून टँकर कसा आणायचा?" प्रश्न बरोबर आहे. मी गुरं राखणाऱ्या मामांना विचारलं, पाणी किती वेळ राहतं. "सकाळी चढलं तर दुपारला उतरतं, रात्रभर राहिलं असं क्वचित." म्हणजे वर्षातले मोजके तास रस्ता बंद, त्याच्या बदल्यात मोरी वाहून गेली की कित्येक दिवस बंद. मी हेच मांडलं, कागदावर काढून दिलं. दूध थांबत नाही हे मलाही कळतं, म्हणून गोठ्याच्या बाजूला साठवणीची टाकी वाढवा हेही सुचवलं. तिथे थोडे तणतणले, पण तयार झाले.

मग उपटलेले दगड परत जागेवर लावले, खालच्या कडेला जिथे ओळ तुटली होती तिथे नवी कट-ऑफ घातली, दोन्ही बाजूंचे उतार ओढ्याकडे घेतले, जिओटेक्स्टाईल, म्हणजे माती धरून ठेवणारं कापड, अंथरून वर दगडाचं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर. रस्त्यावरचं गढूळ पाणी ओढ्यात उतरायच्या आधीच तिरक्या आडव्या बांधांनी गवतात काढून दिलं, हे लोक नेहमी विसरतात आणि मग ओढा गाळानं भरतो. दोन्ही टोकांना खांब उभे करून ३० सेंटीमीटरवर लाल पट्टा मारला, कारण फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. टँकर जड असला तरी ड्रायव्हरलाही तोच पट्टा लागू, यावर मी अडून बसलो.

पाणी फरशीवरून जाताना मी उभं राहून बघितलं, घोट्याएवढं, पूर्ण रुंदीत, एकही दगड हलला नाही. कुरणातली घळ मात्र तशीच आहे. पाणी तिकडे जायचं थांबलं, पण घळीचं वरचं टोक पावसाच्या पाण्यानं अजून मागे सरकतंय, तिथे दगडाचे छोटे बंधारे आणि टोकाला पिचिंग, म्हणजे उतारावर दगडांचं अस्तर, लागणार आहे. मालक म्हणतात पुढच्या हंगामात बघू. मी त्यांना टोकाशी खुंटी ठोकून दिलीय, पाऊस झाला की तिथपासून अंतर मोजून मला कळवा म्हणून.